आकडा कुणाच्या हातात?

मेनफ्रेम म्हंजे मेलेलं ढोर, असं आपल्यातलाच एक शिकलेला मित्र परवा बोल्ला. वडाळ्याला टपरीवर आम्ही सहा जण बसलो होतो. त्यातला एक मेनफ्रेमवर कोबोल लिहितो. ऐरोलीला एका कंपनीत लागून त्याला दोन वर्षं झालीत. आमच्या चाळीतला तो पहिलाच, ज्याच्या गळ्यात कंपनीचा पट्टा आला. तो गप चहा पीत होता. शिकलेला मित्र त्याच्याकडं बघून पुढं बोल्ला, "सवर्णांची पोरं एआय करणार, स्टार्टअप काढणार. आन् तू साठ वर्षांपूर्वीचं मढं ओढणार. महारकीच ही. फक्त एसीत बसून."

सगळे हसले. मीपण हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसणं घशात अडकलं. म्हणून हे लिहितोय.

कुणी विचारेल, तुझा काय संबंध? तू गोदीत लॅशिंग करणारा. बोटीवर डबे चढले की सळ्या आडव्या-तिडव्या लावायच्या, टर्नबकल आवळायचे, हा तुझा धंदा. दहावी पास, कविता लिहितोस. कॉम्प्युटरवर कशाला बोलतोस? संबंध आहे. तो सांगतो.

माझा आजा गोदीत हमाल होता. त्याचा लोखंडी आकडा अजून आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. गोणीत खुपसायचा, पाठीवर ओढायची. आकडा त्याच्या हातात होता, पण गोणीवरचा आकडा त्याला वाचता येत नव्हता. किती गोणी उचलल्या ते टॅली क्लार्कच्या वहीत. मजुरी किती झाली ते मुकादमाच्या वहीत. उधारी किती फिरली ते वाण्याच्या वहीत. तीन वह्या, आणि एकीतही त्याचा हात नाही. आपल्या लोकांचा सगळा इतिहास असा दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला आहे. आणि आज जगातली सगळ्यात मोठी वही ज्या यंत्रात आहे, त्याला मेनफ्रेम म्हणतात.

आता आधी हे यंत्र काय ते नीट समजून घेऊ. शिव्या नंतर देऊ.

७ एप्रिल १९६४ ला आयबीएमनं सिस्टिम/३६० जाहीर केली. त्याआधी नवं यंत्र घेतलं की जुने प्रोग्राम फेकून नव्यानं लिहावे लागायचे. ३६० नं सांगितलं, एकदा लिहा, यंत्र बदललं तरी लिहिलेलं चालेल. तो शब्द त्या कंपनीनं धंद्यासाठी पाळला, पण पाळला. म्हणून तेव्हाच्या वळणाचा प्रोग्राम आजच्या यंत्रावरही चालतो. २०२५ साली त्याच घराण्यातलं झेड१७ बाजारात आलं. मेलेल्या ढोराला साठ वर्षांनी वासरू होत नाही, हे माझ्या शिकलेल्या मित्रानं लक्षात घ्यावं.

कोबोल त्याहून जुनी. १९५९ साली अमेरिकेत एक समिती बसली आणि १९६० साली भाषेचा पहिला मसुदा आला. तिच्या मुळाशी ग्रेस हॉपर ह्या बाईचं काम होतं. बाईचं म्हणणं असं की हिशेब सांगायला गणिताची सांकेतिक चिन्हंच कशाला पाहिजेत? साध्या इंग्रजी शब्दांत यंत्राला सांगता आलं पाहिजे. ह्यातून ह्यात मिळव, हे तिथं हलव, हे लिही, थांब. पंडितांनी नाकं मुरडली. कॉम्प्युटरच्या विद्यापीठांतले मोठे लोक कोबोलला आजही बटबटीत, लांबलचक, गावंढळ म्हणतात. मला हे ओळखीचं वाटतं. आपण बोलतो त्या मराठीलाही ते हेच म्हणत आले. पण पंडितांच्या सुंदर भाषा आल्या आणि गेल्या, बँकेचा हिशेब मात्र ह्या गावंढळ भाषेत चालू राहिला.

का चालू राहिला? कारण तिला पैसा मोजता येतो. साध्या कॉम्प्युटरला आतून फक्त शून्य आणि एक कळतात, आणि त्या हिशेबात दहा पैसे, म्हंजे रुपयाचा दहावा भाग, नेमका मांडता येत नाही. जवळपास मांडला जातो. एका व्यवहारात फरक दिसत नाही. कोटी व्यवहारांत तो साचतो. कोबोलमध्ये रकाना आधीच आखून ठेवतात, सात आकडे रुपयांचे, दोन पैशांचे. आकडा दशमानातच साठवायचा, दशमानातच मिळवायचा. मेनफ्रेमच्या यंत्रालाच तसं गणित येतं. पैसा म्हंजे पैसा. ज्याच्या आज्ज्याला मुकादमानं दर आठवड्याला चार आणे कमी मोजले, त्याला ह्या नेमकेपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि हे यंत्र कुठं आहे? आपल्या पासबुकामागं असेलच असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बँकांचा कारभार दुसऱ्या जातीच्या यंत्रांवर चालतो. मेनफ्रेम बसलंय अमेरिका-युरोपातल्या बँकांत, विमा कंपन्यांत, विमानाच्या तिकिटांत, सरकारी खात्यांत. अमेरिकेच्या इन्कम टॅक्स खात्याची करदात्यांची मूळ वही १९६० च्या दशकात बांधलेली आहे. २०२० च्या एप्रिलात करोनात लाखो अमेरिकन बेकार झाले, भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरनं टीव्हीवर येऊन कोबोल जाणणारी माणसं मागितली. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, आणि बेकारांना पैसे पोचवायला म्हाताऱ्या प्रोग्रामरांना हाका मारतोय. हाका का माराव्या लागल्या? कारण चाळीस वर्षं डागडुजीवर पैसा टाकला नाही. गटार तुंबेपर्यंत गटारात उतरणारा कुणाला आठवत नाही, तसंच हे.

ही वही सांभाळणारे हात आज मोठ्या संख्येनं कुठं आहेत? ऐरोलीला, हिंजवडीला, चेन्नईला, बंगळूरला, हैदराबादला. आमचा पोरगा त्यातला एक. न्यूयॉर्कला मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात, हिवाळ्यात साडेदहा. तिथली बँक झोपते आणि दिवसभराच्या व्यवहारांचा बॅच सुरू होतो. शेकडो जॉब एकामागं एक. एकाचं पोट भरलं की दुसऱ्याचं ताट. मधला एक पडला की मागची सगळी रांग थांबते, आणि तिथं बँक उघडायच्या आत ती चालू व्हावी लागते. हे राखायचं काम आपल्या पोरांचं. आणि आपल्या रात्री तिथला दिवस असतो, तेव्हा फोन उशाशी घेऊन झोपायचं.

इथं माझा शिकलेला मित्र अर्धा बरोबर आहे. ते अर्धं मी लपवणार नाही.

कंपन्यांत ह्या कामाला लेगसी म्हणतात. लेगसी म्हंजे वारसा. मी म्हणतो, वतन. दुसऱ्यानं बांधलेलं, आपण सांभाळायचं, पिढ्यान् पिढ्या. गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा येसकर आणि परक्या बँकेचा बॅच राखणारा पोरगा, दोघांत साम्य आहे. गाव झोपलं तर येसकराची आठवण नाही, चोरी झाली तर येसकराला फटके. बॅच सुरळीत गेला तर कुणाला पत्ता नाही, पडला तर पहिला फोन ह्याला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. आपल्याच लोकांतल्या काहींना वाटलं, हातातली जमीन जाईल, हक्काची भाकरी जाईल. बाबासाहेबांना दिसत होतं की ही भाकरी म्हंजेच साखळी आहे. पुढं १९५८ चा कायदा आला तेव्हा ते वतन गेलं.

मग हे नवं वतनही टाकून द्यायचं?

थांबा. बाबासाहेबांचा विरोध राखणीला नव्हता, कामाला नव्हता. काम जन्मावरून लादलेलं होतं, मोल ठरलेलं नव्हतं, चोवीस तास राबवता येत होतं, आणि सोडायची सोय नव्हती, ह्याला विरोध होता. वेशीची राखण पोलीस करतो तेव्हा ती महारकी राहत नाही. पगार, पाळी, सुट्टी, बढती, कायदा आला की तीच राखण नोकरी होते. तेव्हा मेनफ्रेमचं काम जुनं आहे का नवं, हा प्रश्नच खोटा आहे. प्रश्न असा आहे की त्या कामाच्या अटी कोण ठरवतो.

दुसरी गोष्ट. 'जुनं म्हंजे हलकं' ही अक्कल आपल्या डोक्यात कुणी घातली? नवं बांधणारा श्रेष्ठ आणि बांधलेलं साफ करणारा, दुरुस्त करणारा, चालू ठेवणारा कनिष्ठ, ही वर्णव्यवस्थेची अक्कल आहे. ती कॉम्प्युटरच्या खोलीतही घुसलीय. वर आर्किटेक्ट, त्याखाली डेव्हलपर, त्याखाली सपोर्ट, त्याखाली रात्रपाळीचा कंत्राटी पोरगा, आणि सगळ्याखाली संडास धुणारी आपली मावशी, जिला कुणी त्या यादीतही धरत नाही. माझ्या शिकलेल्या मित्रानं टपरीवर जो विनोद केला, तो आपला नव्हता. त्यानं तो त्यांच्याकडून उसना आणला होता.

आता माझं स्वतःचं सांगतो. पोराच्या जुन्या लॅपटॉपवर मी हर्क्युलिस नावाचा फुकट प्रोग्राम टाकून घेतला. त्यात आख्खं जुनं मेनफ्रेम उठतं. त्यावर एमव्हीएस ३.८ ही जुनी व्यवस्था चालते, तीपण फुकट. काळा पडदा, हिरवी अक्षरं. पाळी सुटल्यावर रात्री बसायचो. इंग्रजी माझी कच्ची, डिक्शनरी मांडीवर. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणाऱ्या जेसीएलच्या ओळी लिहायच्या, ह्या नावाचं काम, हा प्रोग्राम चालव, ही फाइल घे, तिथं छाप. पंच कार्डाला ऐंशी रकाने होते, म्हणून आजही ओळ ऐंशीची. कोबोलच्या ओळीत सातव्या रकान्यात चांदणी टाकली की ती ओळ यंत्रासाठी नसते, माणसासाठी असते. आठव्यापासून मजकूर. जागा चुकली की यंत्र ओरडतं. पण जागा का चुकली हे ते सांगतं. ज्या शाळेत मी शिकलो तिथं मास्तर नुसतंच ओरडायचे.

माझा पहिला प्रोग्राम पडला. पडद्यावर आलं, एस-झिरो-सी-सेव्हन. पोरगा हसला, बोल्ला, "भावा, आता तू खरा मेनफ्रेमवाला." त्याचा अर्थ असा की आकडा पाहिजे त्या रकान्यात आकडा नव्हता. मी एका ओळीत मजुरीची जागा कोरी सोडली होती. यंत्र त्या कोऱ्या जागेची बेरीज करायला गेलं आणि थांबलं. ते बोल्लं, मला खोटी बेरीज येत नाही.

मी बराच वेळ त्या पडद्याकडं बघत बसलो. ह्या देशाच्या वहीत आपल्या मजुरीचा रकाना किती शतकं कोरा राहिला. व्यवस्था एकदासुद्धा थांबली नाही. बेरीज करत गेली आणि उत्तर बरोबर आलं म्हणत गेली.

आता मेरिटवाले. ते म्हणतील, हे डोक्याचं काम, सगळ्यांना जमत नाही. त्यांना मी गोदीतला हिशेब दाखवतो. प्रत्येक कंटेनरच्या अंगावर चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. तो चौकटीतला आकडा उगाच नसतो. अक्षरांना किंमत द्यायची, ए ला दहा, बी ला बारा, अकरा आणि अकराच्या पटी गाळायच्या. मग पहिल्या जागेला एकनं गुणायचं, दुसऱ्या जागेला दोननं, मग चार, आठ, सोळा, असं दहाव्या जागेला पाचशे बारापर्यंत. सगळ्यांची बेरीज, तिला अकरानं भागायचं. बाकी उरते तो चौकटीतला आकडा. दहा उरले तर शून्य. नंबर लिहिताना एक आकडा चुकला तर हा शेवटचा आकडा चुगली करतो. हे मला एका म्हाताऱ्या टॅली क्लार्कनं सिगारेटच्या पाकिटावर शिकवलं. कोबोलमध्ये मी पहिला धड चाललेला प्रोग्राम लिहिला तो हाच. डोकं कुणाच्या बापाच्या नावावर सातबाऱ्यात नोंदलेलं नाही. शिकवणारा पाहिजे, वेळ पाहिजे, आणि डोक्यावर पत्रा पाहिजे. ह्या तीन गोष्टी ज्याला जन्मानं मिळतात तो त्यांना मेरिट म्हणतो.

वेळेवरून आठवलं. यंत्राला शिव्या देणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात गांधीवादाची चिरफाड करताना उत्तर दिलंय. यंत्रानं माणसाचे हात मोकळे होतात, त्याला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. जनावरासारखं राबणाऱ्याला विचार करायला सवड कुठली? दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजरचनेत चालतं तिचा. ही भूमिका आपली. चरखा आपला नाही.

पण नुसतं यंत्र चांगलं म्हणूनही भागत नाही. गोदीला विचारा. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत आयडियल-एक्स नावाच्या बोटीवर ५८ डबे चढले, आणि जगभरच्या हमालांचं नशीब त्या दिवशी पालटलं. डबा इथं आला. १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं. आज्ज्याच्या टोळ्या विरल्या, बापाच्या वेळी स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले, माझ्या वाट्याला कंत्राट आलं. तोच डबा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही गेला. पण तिथल्या गोदी कामगारांच्या युनियननं १९६० साली मालकांशी करार केला, यंत्र आणा, पण जो नोंदलेला कामगार आहे त्याला काढायचं नाही, आणि यंत्रानं वाचवलेल्या पैशात आमचा वाटा. तो करार निर्दोष नव्हता, नव्या पोरांना त्यात फारसं काही मिळालं नाही. पण टेबलावर बसून घासाघीस झाली. एकच डबा, दोन नशिबं. फरक पडला तो संघटनेमुळं.

कॉम्प्युटरच्या बाबतीत आपल्याकडं काय झालं? १९६० च्या दशकात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटर येऊ नये म्हणून झुंज दिली. बँकांच्या युनियननी १९८३ साली मर्यादा घालून करार केला. कारकुनाची नोकरी वाचवायची, हे बरोबर होतं. पण कारकुनाच्या खुर्चीपर्यंत आपली माणसं तेव्हा नुकती पोचत होती, तीही राखीव जागांच्या जोरावर, तीही सरकारी कचेरीत. त्याच काळात दुसरीकडं नवा दरवाजा उघडत होता. १९६८ ला टाटांची कन्सल्टन्सी निघाली. १९७३ ला अंधेरीत सीप्झ निघालं. १९७८ ला आयबीएम देश सोडून गेली, कारण परकी चलनाच्या कायद्यानं मालकी ४० टक्क्यांवर आणायला ती तयार नव्हती. तेव्हा उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, ज्यांनी मुंबईत पी. डिमेलोंच्या हाताखाली गोदीतच युनियनचे धडे गिरवले. आयबीएम गेली, पण तिच्या यंत्रांवर शिकलेली माणसं इथंच होती. ती परदेशी कामाला लागली. १९९९ संपायला आलं तेव्हा सगळ्या जगाला घाम फुटला, कारण रकाने वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं, आणि २००० म्हंजे १९०० असं यंत्र समजणार होतं. कोट्यवधी ओळी उघडून तो आकडा दुरुस्त करायला भारतीय प्रोग्रामर लागले. त्यातून बंगले उभे राहिले, टॉवर उभे राहिले. त्या सगळ्या काळात त्या दरवाजावर राखीव जागेचा कायदा नव्हता. आजही नाही. घटनेच्या १६ (४) चा हात सरकारी नोकरीपर्यंत पोचतो, खाजगी कंपनीच्या गेटपर्यंत पोचत नाही. २००६ साली उद्योगपतींच्या संघटना बोलल्या, कायदा नको, आम्ही स्वेच्छेनं करू. स्वेच्छेनं! स्वेच्छेनं चवदार तळ्याचं पाणी कुणी दिलं होतं का?

आणि आत गेल्यावर? २०२० साली कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं सिस्को ह्या कंपनीवर जातीच्या भेदभावाचा दावा लावला. दोन वरिष्ठांवरचे आरोप २०२३ ला मागं घेतले गेले, कंपनीवरचा दावा पुढं चालला. निकाल काहीही लागो, एक गोष्ट झाली, जात विमानात बसून समुद्रापलीकडं जाते हे अमेरिकेच्या कोर्टाच्या कागदावर आलं. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहरानं जातीच्या भेदभावावर बंदी घातली. आपल्याकडच्या कंपन्या मात्र म्हणतात, आमच्याकडं जात नाही. मग मोजून दाखवा ना. किती जण कुठल्या थरावर, कंत्राटी किती, कायम किती, वर किती, खाली किती. तो रकाना ते कोरा ठेवतात. यंत्र असतं तर कधीच पडलं असतं.

आता त्या पोराचं ऐका. ह्या वर्षी १४ एप्रिलला त्यानं सुट्टी मागितली. अमेरिकेत १५ एप्रिल ही इन्कम टॅक्स भरायची शेवटची तारीख, त्या आधीचे दिवस कामाचे असतात हे खरं. पण टीममधल्या दुसऱ्याला त्याच आठवड्यात घरच्या मुंजीसाठी दोन दिवस मिळाले होते. लीडनं विचारलं, "चौदाला काय असतं?" पोरानं काय सांगावं? बोल्ला, "घरी पूजा आहे." सुट्टी मिळाली. निळा झेंडा घेऊन तो आमच्याबरोबर चैत्यभूमीला आला. पण वाटेत दादरच्या पुलावर मला बोल्ला, "आज मी बाबासाहेबांच्या जयंतीला सत्यनारायण करून आलो रे."

हे दुःख मेनफ्रेमचं नाही. एआय करणाऱ्या पोराचंही हेच आहे. तेव्हा माझ्या शिकलेल्या मित्रा, तू ढोर कुठलं मेलेलं ते चुकीचं ओळखलंस. खरं मढं ह्या कंपन्यांच्या हजेरीपटावर बसलंय, आणि ते ओढून वेशीबाहेर टाकायचं काम खरंच आपलं आहे.

कुणी म्हणेल, आता यंत्रच कोबोल वाचणार, जावात उतरवून देणार, तुमच्या पोराची गरज संपणार. २०२३ पासून स्वतः आयबीएम तसलं हत्यार विकतेय. असेल. यंत्र ओळ वाचेल. पण ही ओळ १९८७ ला कुठल्या भांडणातून लिहिली गेली, कुठल्या विधवेची पेन्शन कुठल्या अटीवर अडते, हे त्या ओळीत नसतं. ते शोधायला माणूस लागतो. तरीही मी खात्री देत नाही. डबा येणार नाही असं आमच्या आज्ज्यालाही वाटलं होतं. काम टिकेल का नाही ते आपल्या हातात नाही. ते जाताना आपण एकेकटे असू का एकत्र, एवढं आपल्या हातात आहे.

आणि आत असण्याला दुसराही अर्थ आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारला काळ्या माणसाचा पास काढायला फोटो लागायचे. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीतल्या दोन काळ्या कामगारांना कळलं की ते फोटो आपल्याच कंपनीच्या मालावर निघतात. एक बाई, एक माणूस. त्यांनी आवाज केला, बहिष्कार उठवला, नोकऱ्या गमावल्या. १९७७ ला कंपनीला तिथली विक्री बंद करावी लागली. बाहेर घोषणा देणाऱ्याला ते कळलंच नसतं. वही कशी लिहिली जाते ते वहीजवळ बसणाऱ्याला दिसतं. उद्या रेशनच्या यादीतून, घराच्या यादीतून, मतदाराच्या यादीतून आपलं नाव कुठल्या ओळीनं गळलं, ते वाचू शकणारा एकतरी आपला पाहिजे का नको?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कविता लिहा, मोर्चे काढा, आणि ही वही वाचायला शिका. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात दोन जुने लॅपटॉप ठेवा. शिकायला लागणारं बरंच फुकट मिळतं. ज्याला येतं त्यानं आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. जे कंपन्यांत आहेत त्यांनी एकमेकांना शोधावं, युनियनमध्ये जावं. आणि सगळ्यांनी मिळून दोन गोष्टी मागाव्यात, खाजगी नोकरीत आरक्षणाचा कायदा आणि कंपन्यांनी जातवार आकडे उघड करण्याची सक्ती.

शेवटी एक राहिलं. कोबोलच्या प्रोग्रामचा पहिला विभाग ओळखीचा असतो. त्यात प्रोग्रामचं नाव, आणि जुन्या पद्धतीनं त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव. ऑथर. हे नाव यंत्राला लागत नाही, ते पुढच्या माणसासाठी असतं. आज्ज्यानं बांधलेल्या, उचललेल्या, वाहिलेल्या कशावरच त्याचं नाव नाही. पोरानं मला स्वतःचा प्रोग्राम दाखवला. ऑथरच्या पुढं त्यानं नुसतं पहिलं नाव लिहिलं होतं आणि पुढं एकच अक्षर.

मी बोल्लो, "आडनाव कुठाय?"

बोल्ला, "जागा पुरत नाही."

त्या ओळीत बहात्तराव्या रकान्यापर्यंत जागा असते. मी मोजून दाखवली. आपली आडनावं एवढी लांब नाहीत, भावा.

जयभीम.